दहा टक्के

भद्रकालीतल्या मुनाफभाईच्या बेकरीतून
आठवड्याला दोन गोण्या.
बाभळीची राख, थोडी आंब्याची,
कधी खोक्याच्या फळ्या जाळलेल्या,
तेव्हा चाळणीत खिळे उरतात.

मी लॅबमधला गांगुर्डे. सत्तावीस वर्षं
ठोकळे भरतो, ठोकळे फोडतो.
शेवटच्या वर्षाची कादंबरी निरगुडे म्हणाली,
काका, सिमेंटातले दहा भाग काढू,
तिथे राख टाकू.
म्हटलं, ठेकेदार हेच करतात,
फक्त कुणाला सांगत नाहीत.
हसली. वहीत रकाने पाडले:
शून्य, दहा, वीस, तीस.

तोंडाला रुमाल बांधून चाळली, तरी
दिवसभर जिभेवर चूल.
ओली झाली की हात खाते राख,
नखांच्या कडा पांढऱ्या पडतात.
पाणी जास्त पिते, उशिरा आवळते.
सिमेंटला घाई असते,
ही बसते आठवत.

मग अठ्ठावीस दिवस टाकीत.
तेवढे दिवस मी रोजच्यासारखा
रामकुंडावरून घरी जायचो.
इंदूरच्या, सुरतेच्या गाड्या उभ्या,
मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं मडकं.
लोक या गावात राख सोडायला येतात
आणि आम्ही दोघं
ती धरून ठेवायला बसलेलो.
हे तिला बोललो नाही.
तिच्या प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर
वडिलांच्या नावाआधी
कै. होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी मशीन.
काटा चढताना मी आता श्वास धरत नाही,
ती धरते.
बिनराखेचा सहाशे दहाला, खडाक.
दहाचा पाचशे नव्वद.
वीसचा चारशे ऐंशी.
तीसचा काही न बोलता बसला,
कडेकडेनं, चहात जास्त वेळ राहिलेल्या
खारीसारखा.

म्हणजे दहापर्यंत चालतं, ती म्हणाली,
आणि खिडकीकडे बघत राहिली.
मी मशीनवरचा चुरा झाडला.
दहा भाग जळालेले असले
तरी ठोकळा उभा राहतो, काका?
राहतो.
तीस असले की?
मी फडकं झटकलं.
तो तू पाहिलास.

उरलेल्या मालाची
मुनाफभाईच्या दारात पायरी ओतली.
पहाटे चारला पाववाले तिला सायकली टेकवतात.
दोन वर्षं झाली, तडा नाही.
मांजराचं एक पाऊल आहे कोपऱ्यात,
चार बोटं आणि तळवा,
उशिरा आवळते ना,
त्या रात्रीचं.