धुलाई

वर्तमानपत्रानं एका शब्दात उरकलं : धुलाई.
मला हसू आलं.
धुणं म्हणजे काय ते मला विचारा,
ग्रांद आन्स ऍथलेटिकच्या सोळा जर्सी
एकवीस वर्षं ह्याच हातांखालून जातात.
हिरव्या होत्या एके काळी.

यंदा बेटावर आम्ही पहिले आलो
म्हणून स्पर्धेचं बोलावणं आलं :
पोर्ट ऑफ स्पेन, मार्च, पाच दिवसांत तीन सामने.
तिकिटांसाठी पोरांनी सोडतीत बोकड लावला,
पाद्र्यांनी दानाची थाळी दोनदा फिरवली,
दुसऱ्यांदा फिरली तेव्हा लोक छताकडे बघत होते.

डावा बॅक विल्फोर, मूळचा हैतीचा.
आठ वर्षं आमच्याकडे केळीचे घड उतरवतो,
त्याच्या उजव्या खांद्याला कायमचा डाग आहे चिकाचा,
कुठल्याच साबणाला न जुमानणारा.
त्याचा व्हिसा आला नाही.
विमानतळाच्या काचेला त्यानं तळहात टेकवला
आणि त्याची तीन नंबरची जर्सी
बॅगेतून काढायला मी विसरले.
विसरले, असंच मॅनेजरला सांगितलं.

पुढं बॅगच आमच्याशिवाय अँटिग्वाला गेली.
पहिला सामना पोरं खेळली
कुठल्या तरी शाळेच्या पिवळ्या बंड्या घालून,
गोलकीपर ऑल्विनची बंडी पोटावर येईना.
समोर पगारी खेळाडू, एकसारखे मोजे,
पाण्याच्या बाटल्यांवरसुद्धा नावं.
नऊ शून्य.
बॅग दुसऱ्या दिवशी आली, एकही घडी न मोडता.
तेव्हा कागदोपत्री काही असो,
माझ्या जर्सींवर ते नऊ गोल नाहीत.

चार मात्र आहेत. जमैकावाल्यांनी केलेले.
हॉटेलच्या न्हाणीत, चिमुकल्या गुलाबी साबणांनी
रात्री दीडपर्यंत घासत बसले,
लाल माती नळीतून जाता जाईना.
भिंतीपलीकडे इझ्रॉन बायकोशी फोनवर बोलत होता,
पावसानं पुलाचं काय झालं,
नीरफणसाला आधार दिला का,
सामन्याचं अवाक्षर नाही.

तिसऱ्या दिवशी सुरिनामचा संघ,
आणि मधेच मैदानाचे दिवे गेले.
पाऊण तास बावीस माणसं अंधारात गवतावर बसून होती,
कोणाकडे तरी उकडलेले शेंगदाणे निघाले,
त्यांचा सेंटर फॉरवर्ड आमच्या ऑल्विनला
डचमध्ये काहीतरी विनोद सांगत होता
आणि ऑल्विन खो खो हसत होता,
ज्याला डचमधलं हो की नाही कळत नाही.

दिवे आले. ते तीन, आम्ही शून्य.
अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला.
इझ्रॉन, वय एकोणचाळीस, फेरीबोटीवर तिकिटं फाडतो,
पाठमोरा उभा राहून लाइनमनला शिव्या घालत होता
तेवढ्यात चेंडू त्याच्या खांद्यावर आदळला
आणि आत गेला.
कोणी ओरडलंच नाही आधी.
इझ्रॉननं वळून पाहिलं,
जाळं हलत होतं, आणि त्याला वाटलं वारा.

घरी रेडिओ मध्यंतरालाच बंद पडलेला.
सगळ्या गावाला निकाल कळला, गोल कोणी ऐकला नाही.

सोमवारी अंगणात दोरी बांधली.
पंधरा जर्सी वाळत घातल्या, आणि सोळावी,
न घातलेली, तीही धुतली,
एकटीच कोरडी कशी ठेवायची.
विल्फोर कुंपणापाशी आला.
घामेजलेला, कोयता अजून हातात.
स्वतःच्या नंबराकडे त्यानं पाहिलंच नाही.
कसा झाला गोल? म्हणाला.

मी म्हटलं, पाठ कर माझ्याकडे.
त्यानं केली.
आता दे शिव्या कोणालातरी.
कोणाला? म्हणाला.
मी म्हटलं, ते तुझं तू बघ.

थोडा वेळ थांबला, मग सुरू झाला,
क्रिओलमध्ये, हळू,
मग हळू नाही.

ओल्या मोज्यांचा बोळा घट्ट पिळून
मी त्याच्या उजव्या खांद्यावर फेकला.