आळशी बाईचं शेत

लावाली कानोला गेला होता, विटा वाहायला,
आणि मला सातवा महिना.
पेरणीआधी शेत साफ करायचं असतं आमच्या मारादीकडे,
तळहातासारखं,
काडी दिसता कामा नये,
नाहीतर गाव म्हणतं, ह्या घरात माणूस नाही.

जुन्या खुंटांतून धुमारे फुटले होते.
दरवर्षी आम्ही कापायचो,
दरवर्षी ते यायचे.
मी वाकले,
आणि पोरीने आतून अशी लाथ मारली
की कुऱ्हाड तिथेच टाकली.
खरं सांगते, शहाणपण वगैरे काही नव्हतं.
कंबर दुखत होती.

इलियासू वाटेवरून ओरडला,
"चीमा, जंगल पेरलंस का गं?"
विहिरीवर बायका हसल्या.
नावच पडलं मग:
आळशी बाईचं शेत.

आमच्याकडे पावसाच्या पुढे वारा धावतो,
ओंजळी भरभरून रेती घेऊन.
दोन पानांवर आलेली बाजरी खरवडतो,
पुरून टाकतो.
पुन्हा पेरा.
पुन्हा पुरली? पुन्हा.
तिसऱ्या पेरणीचं बियाणं
पोरांच्या वाडग्यातूनच काढावं लागतं.

त्या साली इलियासूने तीनदा पेरलं.
माझ्या शेतात वारा शिरला,
धुमाऱ्यांत अडखळला,
हातातली रेती तिथेच सांडून
रिकामा पुढे गेला.

त्यातला एक धुमारा गाओचा होता.
विक्षिप्त झाड.
सगळं रान हिरवं होतं तेव्हा हे पानं टाकून
उघडंबोडकं उभं राहतं,
बाजरीच्या वाटचं ऊन अडवत नाही.
आणि विहिरीला दोर पुरत नाही त्या महिन्यांत
हे पालवतं!
शेळ्या सावलीला येतात, शेंगा खातात,
भाडं म्हणून लेंड्या ठेवून जातात.
त्याच्या बुंध्याशी माती आता काळसर झालीय,
मुठीत धरली तर धरून राहते.

गेल्या साली चाळीस दिवस आभाळ कोरडं.
खोटं कशाला बोलू,
झाडांनी पाऊस आणला नाही.
कणसं अर्धीच भरली.
पण फांद्या विकल्या, शेंगा विकल्या,
शेळी नाही विकली.
लावाली कानोला गेला नाही.

इलियासू आला होता परवा,
इकडचं तिकडचं बोलत बसला,
उठता उठता म्हणाला,
"किती ठेवायचे गं, एका खुंटावर?"
मी हसले नाही.
फार मन झालं होतं.

आणि काल हाबसातू,
तीच, लाथ मारणारी, सोळाची झालीय,
कोपऱ्यातली थैली ओढत आली:
"आई, पेरणी तर एकदाच झाली.
हे बियाणं उरलंय.
ह्याचं काय करायचं?"

मला उत्तरच सुचेना.
हा प्रश्न आमच्या घरात
कधी कुणी विचारलाच नव्हता.

"कूट," म्हटलं शेवटी.
"आज जरा जास्त कूट."