ओठ तेलाकडे

पुढच्या गिअरात वीतभर सरकला, थेट भिंतीपर्यंत.
रिव्हर्समध्ये इंजिन नुसतं ओरडायचं,
चाकं ढिम्म.
मूस जॉमधली उणे बावीसची रात्र,
आणि ट्रक गॅरेजात तोंड खुपसून उभा.
दोन महिने खपून बापाने स्वतः जोडलेला गिअरबॉक्स.

"तेल कमी असेल," रोमान काका म्हणाला.
"थंडीने," शेजारचा विल्फ.
बाप काहीच बोलला नाही.
आईचं टर्की भाजायचं पातेलं घेऊन ट्रकखाली शिरला.
डाळिंबी तेल ठिबकत राहिलं त्यात,
आई स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिली.

मी टॉर्च धरला, हात बदलत.
तिसऱ्या रात्री ड्रम उघडला.
स्प्रिंगा, चकत्या, सगळं जागच्या जागी.
फक्त एक रबरी कडी,
नखाच्या कडेइतका पातळ तिचा ओठ
तेलाकडे हवा, तो पाठ फिरवून बसलेला.
पंप दाब देतोय, देतोय,
पालथ्या घड्यावर पाणी.

"मीच बसवली ती."
एवढंच म्हणाला ओरेस्ट, माझा बाप.
बोहदान घर सोडून गेला
तेव्हाही असलं काही म्हणाला नव्हता.

नवी कडी. व्हॅसलीन. करंगळीने तीनदा चाचपून.

शनिवारी गिअर टाकला.
क्षणभर काहीच नाही.
मग खालून धप्प,
आणि ट्रक मागे सरकला बर्फावर,
दिव्यांचा उजेड भिंतीवरून ओढून नेत.

भिंतीवर पेन्सिलीने अजून आहे:
ओठ तेलाकडे.
त्याखाली बोहदानचा नंबर,
एकदा खोडून पुन्हा लिहिलेला.