हुकूमावरून

दस्तगीर पहिल्या दिवशी रंग आणतच नाही.
आणतो दोन लोखंडी पट्ट्या, तारेचा ब्रश,
पॉलिश पेपरची गुंडाळी, पिकावर औषध मारायचा जुना पंप
आणि भाचा रेहान, जो परांचीवर चढून
आधी मोबाईल बांबूच्या फटीत नीट बसवतो.

"वरनं मारायला काय, कोणबी मारतंय,
पण खरवडल्याबिगार भिंत नवा रंग धरत न्हाई बगा, वैनी.
गेल्या टायमाला तुमीच म्हणालासा,
पाडवा चार दिसांवर आलाय."
म्हणाले होते खरं.
त्याचेच फोड आता बोटभर फुगलेत,
नखानं टोचलं की आत ओल, राख, एक मुंगळा.

गंगावेशीतलं आमचं घर, दूध कट्ट्यामागच्या बोळातलं.
पट्टी फिरते तसं एकेक साल निघतं:
वरचा मोतिया माझ्या पसंतीचा, कॅटलॉगात भलताच दिसलेला;
त्याखाली गुलाबी, नणंदेच्या लग्नातला;
त्याखाली पिस्ता, ह्यांच्या ऑफिसात उरलेला,
ज्याबद्दल घरात कुणी विचारायचं नाही.
मग चुना. चुन्यावर चुना.
मध्येच नीळ जास्त पडलेला एक दसरा.

दुपारी रेहान वरून ओरडला, "मामा, अक्षरं!"
चुन्याखालून लाल ऑइलपेंट.
आधी उघडं पडलं ते "नये".
मग खाली, ठसठशीत, "हुकूमावरून".
तेवढ्यावरच काम थांबलं, कारण चहा आला.
काय करू नये? कुणाचा हुकूम?
ह्या घरात आल्यापासून ऐकलेले सगळे "नये"
मी मनात मोजत बसले.
चहा निवला, मोजणी संपेना.

चारच्या सुमाराला उरलेलं निघालं:
"भिंतीस म्हशी घासू देऊ नये."
मामंजींचं अक्षर. "श"ची गाठ तशीच,
रेशनकार्डाच्या जुन्या अर्जावर आहे तशी.

समोरच्या पायरीवरनं शेवंताक्का गवळी उठून आल्या,
डोळे बारीक करून बघितलं, म्हणाल्या, "वाचून दाखव."
दाखवलं. हसल्या, खोकला येईस्तोवर.
"म्हशीला कुठं वाचाय येतंय?
आमची बिजली हितंच पाठ घासायची.
धारंच्या आधी, रोज.
त्याबिगार पान्हाच सोडायची न्हाई.
तुझा सासरा माडीवरनं पाणी वतायचा,
तर ही आणि मान वर करून उभी.
म्हणायची, अजून वत."

दस्तगीरनं कमरेच्या उंचीला तळवा फिरवला.
"आत्ता कळलं, हितलाच रंग दर टायमाला का सुटतोय.
पन्नास वर्साचं तेल मुरलंय गिलाव्यात.
हे टाचायलाच लागंल. गवंडी येगळा, वाळू येगळी."
त्यानं आकडा सांगितला.
मी ऐकू न आल्यासारखं केलं.

संध्याकाळी परांचीखाली कुणी नव्हतं.
बाकीची भिंत खरखरीत, तापातल्या जिभेसारखी,
आणि हा एवढाच तुकडा
म्हशीच्या अंगाएवढा, गार, गुळगुळीत.
माझ्या पाठीत, जिथं कुठलाच हात पोचत नाही,
तिथं दिवसभर रंगाची भुकटी चावत होती.
बोळात इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.
समोरच्या अंधाऱ्या खिडकीतनं आवाज आला,
"सावकाश गं. पान्हा सुटंल."

सकाळी दस्तगीर प्रायमरचा डबा फोडत होता.
म्हटलं, एवढं सोडून मार.
"कुठवर सोडू?"
मी पाठीशी हात धरून उंची दाखवली.
त्यानं पेन्सिल कानामागून काढली,
रेघ ओढली, वर बघितलं.
"आणि ही अक्षरं?"

अक्षरांवर मार, म्हटलं.
दोन हात मार.