उसवण

जानेवारीत माझ्याकडे शिवणापेक्षा उसवण जास्त.
स्टेडियमच्या पोटात, धुलाईच्या मशीनशेजारी माझं टेबल,
वर गळका पाइप, खाली बादली.
काल सकाळी ओगलट्री उसवला.
आठ इंग्रजी अक्षरं, पाठीवर कमानीसारखी.
ऑगस्टमध्ये म्हणाला होता, "घट्ट शिवा, मिस व्हर्ना,
मागून धरून ओढतात."
घट्टच शिवली होती. म्हणून तर वेळ लागला.

हायवेवर गाद्यांच्या दुकानाचा फलक आहे,
त्यात तो अजून आडवा पडून हसतोय.
पोरगा दक्षिणेला गेला, दुप्पट पैशांवर,
इथे त्याची झोप तेवढी राहिली.

न्हावी म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागत नाहीत हल्लीची पोरं.
मी दातांनी दोरा तोडते.
मीठ कुणाचं, ते आधी ठरू दे.

सत्याऐंशी साली रॉइस पेटीग्रू होता, नंबर चौतीस.
त्याचा शर्ट दुकानात चाळीस डॉलरला जायचा.
शर्टावर नाव नाही, नुसता आकडा;
आकड्याला काही द्यावं लागत नाही.
रविवारी संध्याकाळी खानावळ बंद,
तेव्हा तो माझ्या मागच्या दाराने यायचा,
घेवड्याचं सूप, मक्याचा पाव,
आणि खिडकीकडे एक डोळा,
कारण फुकट जेवण नियमात बसत नव्हतं.
नोव्हेंबरात गुडघा गेला.
रात्रीच्या बसने तोही गेला.
चौतीस नंबर मात्र आणखी दोन वर्षं विकला जात होता.

माझा नवरा एकतीस वर्षं काचेच्या कारखान्यात.
एक दिवस कारखान्यानेच गाशा गुंडाळला.
त्याला कुणी बेइमान म्हटलं नाही.
करार मोडून तीन कोच गेले,
त्यातल्या एकाच्या नावाचं सँडविच
नाक्यावरच्या हॉटेलात अजून मिळतं.

तरी खोटं कशाला बोलू.
पूर्वी पोरगा चार वर्षं असायचा.
त्याचे खांदे कसे भरत गेले ते मला शर्टाला कळायचं,
दरवर्षी बोटभर सैल करायचे.
कुणाची आई आजारी, कोण रात्री रडतो,
धुवायच्या कपड्यांतून सगळं वर यायचं.
आता माप ईमेलने येतं.
माप बरोबर असतं.

डिलन व्हॅनहूझ मोठ्या आशेने यादीत गेला.
पंधरा दिवस फोन उशाशी. कुणी घेतला नाही.
इथली जागा तोवर भरलेली.
परवा दारात येऊन म्हणाला,
माझी पट्टी टाकलीत का?
टाकली नव्हती.
त्याने ती घडी न करता खिशात कोंबली,
बाहेर बर्फ होता, कोट उघडाच होता.

साहेब म्हणतात, पुढच्या हंगामापासून वेल्क्रो.
नमुना टेबलावर ठेवून गेलेत.
एकदा ओढून पाहिला.
केवढा तो आवाज.

दुपारी नवा पोरगा आला, बेटांवरचा,
दाराएवढा रुंद, पायात मोजे नाहीत.
नाव पाठीवर मावेल की नाही कोण जाणे.
दुहेरी दोरा ओवला.
किती दिवस राहणार, हे मी विचारत नाही.
म्हटलं, एकेक अक्षर सांग बाळा,
सावकाश,
परत एकदा, पहिल्यापासून.