कलम दोन, व्याख्या

दिवे माझ्या हातात असतात.
हिरवा : बोला. पिवळा : आवरा. लाल : पुरे.
लॅन्सिंगच्या या तिसऱ्या मजल्यावर
अकरा वर्षं मी एवढंच करते आहे,
शिवाय पाण्याचे पेले भरते
आणि आडनावं नीट विचारून लिहून घेते.

आज सकाळचं विधेयक बालकांचं.
जन्मापासून पाचापर्यंतची सगळी काळजी, सगळं शिक्षण
तीन खात्यांतून उचलून एका नव्या खात्याकडे.
अठ्ठ्याऐंशी पानं.
कलम दोन : 'बालक म्हणजे
वयाची पाच वर्षं पूर्ण न केलेली व्यक्ती.'
शेजारीच 'आस्थापना' म्हणजे काय, ते आहे.
आस्थापनेला नऊ ओळी लागल्या.

चौदाव्या क्रमांकावर आयला कोस्केला.
उत्तरेकडची, पुलापलीकडची.
पहाटे दोनला निघून सात तास गाडी हाकत आलेली,
बुटांच्या खाचांत अजून तिकडचा बर्फ.
राहत्या घरात पाळणाघर. सहा मुलं.
मी हिरवा लावला.

'आज मी इथे आहे, म्हणून तिकडे
सहा घरांत कुणीतरी कामावर गेलेलं नाही.
माझी दोन मिनिटं त्यांच्या पगारातून आली आहेत.
जरा ऐका.'

कुणीतरी फोन पालथा ठेवला.

'माझ्याकडे एक माणूस टेप घेऊन येतो,
खोली मोजतो, शेगडीखालची जागा वजा करतो.
दुसऱ्या खात्याची बाई येते, ती दूध मोजते.
तिसऱ्याकडून कुणी येत नाही, पत्र येतं.
तिघांच्या कागदांवर एकाच पोराचं नाव
तीन तऱ्हांनी.
दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात,
याची तर घरं तीन.

ओन्नी त्याचं नाव. साडेतीन वर्षांचा, ऑगस्टचा.
बोलत नव्हता. बोलायला शिकवणारी बाई मागितली.
पहिलं खातं म्हणालं, दुसऱ्याला विचारा.
दुसरं म्हणालं, तो तिसऱ्याच्या यादीत आहे.
तिसऱ्यानं पत्र पाठवलं, की पत्र मिळालं.'

मी पिवळा लावला.

'बाई अजून आलेली नाही.
पण परवा तो माझ्या कुत्र्याला म्हणाला, चल.
एवढंच. चल. दार सताड उघडं टाकून, बर्फात,
पायांत मोजे सुद्धा नाहीत.
आणि मी त्याला रागवायचं विसरले.
हे कुठल्या फॉर्मवर लिहायचं असतं?
तुमच्या अठ्ठ्याऐंशी पानांत मला सापडलं नाही.'

लाल मी लावलाच नाही.
खोटं कशाला सांगू, लावला,
पण उशिरा. चार श्वास उशिरा.
अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

एका सदस्यानं विचारलं, बाजूनं की विरोधात?
तुमच्या कार्डावर खूण नाही.
'बाजूनं लिहा,' ती म्हणाली, 'खातं एक करा, तीन ठेवा,
फक्त त्या टेपवाल्याला सांगा, आत येताना बूट काढ.
मुलं तिथे रांगतात.'
मग कोट उचलून निघालीच.
वारा वाढला की दुपारी पूल बंद करतात.

मतदान झालं नाही. पुढची तारीख कळवण्यात येईल.

सगळे गेल्यावर मी शेवटचं पान उघडलं.
अंमल : पुढल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून.
बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.
ऑगस्टात ओन्नीला पाच पूर्ण होतात.
कायदा येईल तेव्हा कलम दोनप्रमाणे
तो बालक नसेल.
काय असेल, ते या विधेयकात नाही,
दुसऱ्या कुठल्या तरी असेल.

कार्यवृत्तात रकाने तीनच : नाव, गाव, बाजू.
कोस्केला मी बरोबर लिहिलं.
मग खाली, 'इतर सूचना' म्हणून जी ओळ
अकरा वर्षं कोरीच सोडत आले,
तिथे टाइप केलं :
तपासणीस येणाऱ्यांनी बूट काढावेत.

उद्या अध्यक्ष वाचतील आणि खोडतील.
आज रात्रीपुरतं
ते राज्याच्या कागदावर आहे.