बाहीवरचा डाग

भुसावळला, रात्रपाळी सुटायच्या आधी,
यार्डाच्या भिंतीला टेकून सुभान तडवीची गाडी.
तव्यावर बड्याच्या मटणाचे काप, कडा करपलेल्या,
सकाळचा पाव मधोमध चिरलेला,
आणि बाजूला जर्मनच्या वाटीत रस्सा,
नळीचा, पातळ, वर काळ्या मसाल्याची तर्री.

"कोरडा नको खाऊ," तो म्हणायचा,
"पाव शिळा आहे, खोटं कशाला बोलू.
बुडव. दोन मोज. उचल."
तीन मोजले की पाव वाटीतच राहायचा,
बोटांनी शोधावा लागायचा.

मालगाडी शंटिंगला आली
की वाट्यांमधला रस्सा थरथरायचा.
आम्ही घास हातात धरून थांबायचो,
कुणी सांगितलं नव्हतं तसं.

घरी चातुर्मासात लसूणसुद्धा बंद.
मी नळावर चूळ भरायचो, तुळस चावायचो,
हात राखेनं घासायचो
आणि उजवी बाही विसरायचो.
सोळा वर्षं आई तो डाग
बाकीच्या कपड्यांआधी, वेगळा, धूत राहिली.

परवा वरण-बट्टी होती.
तिनं बट्टी कुस्करली नाही.
अर्धी मोडली, वरणात बुडवली,
तशीच धरून ठेवली
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
"असंच खाता का रे ते तुम्ही?"

मी म्हणालो, दोनच मोजायचे.

एक, म्हणाली.
वरण तिच्या मनगटावरून
कोपराकडे निघालं होतं.